अर्धं गाणं ड्यूईचं

व्हर्लनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नॅशव्हिल या अमेरिकेतल्या गाण्यांच्या गावी दुपारच्या उन्हात छपरावरच्या पट्ट्यांचं डांबर मऊ होतं, त्यावर पाय पडला की काम बिघडतं. म्हणून छपरं शाकारायची ती सकाळीच. दुपारी आंघोळ करून तो आणि ड्यूई गाणी लिहायला गाण्यांच्या प्रकाशकाच्या खोलीत जाऊन बसत. ड्यूईही शाकारणाराच. कोणाला किती शब्द सुचले, हे तिथं कोणी विचारत नसे. खोलीत जो बसला, त्याचं अर्धं गाणं, नावातही आणि पैशातही. त्या गावची रीतच ती.

हिवाळ्यात ड्यूई न्यूमोनियानं गेला. व्हर्लन एकटाच खोलीत जाऊ लागला. ओळ सुचली की मान वर व्हायची. ड्यूईनं नाक मुरडलं की ओळ खोडायची, असा त्यांचा नेम होता. समोर कोणी नसलं तरी कुठल्या ओळीला नाक मुरडलं गेलं असतं, ते व्हर्लनला कळायचं. तो खोडायचा. म्हणून नव्या गाण्यांवरही त्यानं दोघांची नावं घातली.

त्यातलं एक कुणा बड्या गायकाच्या मनात भरलं. प्रकाशकाचा माणूस ग्रेडी निरोप घेऊन आला. गायक गाणं घेणार होता, पण ड्यूईच्या जागी त्याला स्वतःचं नाव हवं होतं.

"मेलेल्या माणसाला वाटा घेऊन काय करायचंय, बाबा? तो तर खोलीतसुद्धा नव्हता."

"तू होतास का खोलीत?"

"मी कशाला असेन?"

"मग तुला काय ठाऊक?"

ग्रेडी हसला. अशानं छपरावरच मरशील, म्हणाला. ते खरं होतं, हे व्हर्लनलाही कळत होतं. इतकी वर्षं त्यानं अशाच निरोपाची वाट पाहिली होती. पण नाव खोडलं की गाणं आपण एकट्यानं लिहिलं, असं होणार. ते त्याला सोसवणार नव्हतं. त्यानं नकार कळवला.

मग रेकॉर्ड आपणच काढायची, असं त्यानं ठरवलं. मजुरी वाटावी लागू नये म्हणून त्या उन्हाळ्यात त्यानं जोडीदार घेतला नाही. डांबरी पट्ट्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन शिडी चढायचा तोच, वर खिळे ठोकायचा तोच. पानगळीत त्यानं एका दुपारपुरता स्टुडिओ भाड्यानं घेतला. साथीला आलेल्या फिडलवाल्याकडून, म्हणजे व्हायोलिनवाल्याकडून, एकच सुरावट मनासारखी होईतो पुन्हा पुन्हा वाजवून घेतली. गाताना ड्यूई लावायचा तो साथीचा दुसरा आवाज मी लावू का, असं फिडलवाल्यानं विचारलं.

"नको," व्हर्लन म्हणाला. "ती जागा मोकळी राहू दे."

रेकॉर्ड फारशी कुठं वाजली नाही. उन्हाळाभराच्या मजुरीतून स्टुडिओची एक दुपार आली, आणि तबकडीवर दोन नावं.