तक्रार निरंक

सोडतीत नावं निघालेल्या बारा जणांपैकी नऊ जण आले आणि नऊच्या नऊ जणांनी बाग मागितली. आमच्या मुख्याधिकारी मॅडम खूश झाल्या. मीही खूश झालो, कारण बैठक पाऊण तासात आटोपली. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या एकमताची बैठक मी पाहिली नव्हती. तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या एका ऑफिसात होतो, कोणत्या ते विचारू नका. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. युरोपातल्या शहरांवरचं एक ट्रेनिंग करून आल्या होत्या. तिकडे काही शहरांत मोकळ्या जागेचं काय करायचं हे ठरवायला रहिवाशांच्या नावांची सोडत काढतात. एरवी मोठ्याने बोलणारेच बैठकीला येतात, गप्प बसणारे राहून जातात. म्हणून चिठ्ठी टाकायची. म्हातारे, बाहेरून आलेले, भाड्याने राहणारे, सगळ्यांना सारखी संधी. याला मॅडम 'सोशल इन्क्लुजन' म्हणायच्या. कोणी वगळलं जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. कल्पना मला पटली होती.

जागा होती मासळी बाजाराच्या मागची. तिथे बायकांसाठीचं एक शौचालय होतं, ते पाडून बाग करायची. ते शौचालय आठ वर्षांपूर्वी मीच बांधून घेतलं होतं. पूर्णत्वाच्या दाखल्यावर, म्हणजे काम नीट पुरं झालं असं सांगणाऱ्या कागदावर, माझीच सही. आता फाइलवर 'वापर नाही' असा शेरा होता. लोक वापरतच नसतील तर ठेवून काय करायचं, असं मीच बैठकीत म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजमापाला गेलो. मासळी विकणाऱ्या नर्मदाबाईंनी हाक मारली. पन्नाशीच्या बाई, दातिवऱ्याहून पहाटेच्या टेम्पोने येणाऱ्या.

"सायेब, काय मोजता?"

"बाग होणार इथे. हे शौचालय पाडायचंय. कोणी वापरत नाही ना."

"वापरू कसं? कुलूप हाय त्याला."

"कधीपासून?"

"पैल्या म्हैन्यापासून. सफाईचा ठेकेदार झाडू नि पावडर ठेवतो त्यात."

मग तुम्ही काय करता, हा प्रश्न ओठावर आला, पण विचारायची लाज वाटली. त्यांनीच सांगून टाकलं. "आमी पानी पीत नाय. पहाटे घोटभर चा, मंग घरी जाईस्तोवर काय नाय. लघवीच्या जळजळीनं दोनदा दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीन सांगते पानी पी, नायतर किडनीवर जाईल. पिऊन जाऊ कुठं?"

कोलंबीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. माझ्याच्याने वर बघवेना.

ऑफिसात येऊन सोडतीची यादी काढली. मासळीवाली एकही नव्हती. चिठ्ठ्या आम्ही मतदार यादीतून काढल्या होत्या आणि नर्मदाबाईंचं मत दातिवऱ्यात. रोज आठ तास इथे बसतात, पण यादीत नाहीत. कारखान्यांत काम करणारे, सोलापूर-जळगावकडून आलेले भाडेकरूही नव्हते. त्यांची मतं त्यांच्या गावाला.

मॅडमना सांगितलं.

"तिकडेही यादीतूनच काढतात," त्या म्हणाल्या.

"तिकडच्या बऱ्याच शहरांत राहायला आलेल्या प्रत्येकाला पत्ता नोंदवावा लागतो, असं तुमच्याच ट्रेनिंगच्या पुस्तिकेत आहे. म्हणून भाडेकरूही यादीत येतो. आपण नुसते मतदार घेतले."

मॅडमनी पुस्तिका उघडली, ते पान दोनदा वाचलं. "म्हणजे चिठ्ठी बरोबर काढली, पण चुकीच्या डब्यातून. पुढच्या बैठकीला बाजारातल्या तिघी घ्या. चिठ्ठी टाकूनच."

चिठ्ठी टाकली. तिघींत नर्मदाबाईंचं नाव निघालं. बैठक मंगळवारी अकराला. अकराच्या ठोक्याला तीन पुरुष हजर. दोन नवरे आणि एक दीर.

"तिचा धंद्याचा टाइम हाय," नर्मदाबाईंचे यजमान म्हणाले. "मी हाय ना, मी बोलतो."

"काय बोलाल?"

"बाग चांगलीच हाय."

"आणि त्या कुलपाचं काय करायचं?"

"कसलं कुलूप?"

बायको आठ वर्षं तहानलेली बसते, हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. रागवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

मॅडमनी फाइल बंद केली. "बैठक बाजारातच घेऊ. दोन वाजता, मासळी संपल्यावर."

दोन वाजता मॅडम उपड्या क्रेटवर बसल्या. आमच्या क्लार्कने रुमाल नाकाला लावला, तो त्यांनी नजरेनेच खाली करायला लावला. पहिल्या नऊ जणांतले जगदाळे काकाही आले होते. मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यातून रिटायर झालेले. बागेसाठी सगळ्यात जास्त आग्रह त्यांचाच. आता जुंपणार, असं मला वाटलं.

"बाग पाहिजेच," काका म्हणाले. "दोन खोल्या, सहा माणसं. संध्याकाळी मी बसायचं कुठं?"

नर्मदाबाई म्हणाल्या, "बसा की. बागेत किती वेळ बसाल?"

"तासभर. दोन तास."

"नि लागली तर जाल कुठं?"

बायका हसल्या. काका हसले नाहीत. हळूच म्हणाले, "डायबिटीस आहे मला. अर्ध्या तासात घर गाठावं लागतं."

त्यानंतर शौचालय पाडायचं नाव कोणी काढलं नाही. बागेच्या बाजूने पुरुषांसाठी वेगळ्या दाराचा एक भाग जोडायचं ठरलं. बाग थोडी आखूड झाली, त्याला काकांची हरकत नव्हती. माझ्या अंगात उत्साह संचारला. म्हटलं, टाइल्सही बदलून देतो.

"टाइल राहू द्या," नर्मदाबाई म्हणाल्या. "चावी कोनाकडं राहील ते बोला."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कोणाला विचारला नव्हता.

"तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या. ठेकेदाराचे झाडू त्याच दुपारी बाहेर आले. सकाळी जी पहिली येईल तिने उघडायचं, शेवटची जाईल तिने लावायचं, असं बायकांनी आपापसांत ठरवलं. ट्रेनिंगच्या पुस्तिकेत असलं कलम नव्हतं.

आता मी रिटायर झालोय. नर्मदाबाईंचा फोन मात्र येतो. "सायेब, नळ गळतो." "सायेब, एक वाजल्यानंतर टाकीत पानी नसतं."

"अहो, मी नोकरीत नाही आता."

"मंग काय झालं? बांधलं तुमीच ना?"

मध्ये एकदा विचारलं, पुन्हा दवाखान्यात जावं लागलं का. "नाय. आता पानी पिते. तुमी नळाचं बोला."

मी नव्या इंजिनिअरला फोन करतो. तो वैतागतो. म्हणतो, सर, या एका शौचालयाच्या इतक्या तक्रारी? त्याची चूक नाही. त्या फाइलीत आठ वर्षं दर तिमाहीला 'तक्रार : निरंक' अशी नोंद होती. निरंक म्हणजे काही नाही. आम्ही ती वरच्या ऑफिसला अभिमानाने कळवत होतो.

त्याला मी एवढंच सांगितलं, की ज्या कामाची तक्रार निरंक असेल, ते आधी जाऊन बघ. बहुतेक कुलूप असतं.