आलेल्या पत्राला उत्तर

मांडव्याच्या धक्क्यावर लाँच सुटायला दहा मिनिटं होती, तेव्हा भाऊंनी पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला. भाऊ म्हणजे माझे वडील. चौलची नारळ-सुपारीची वाडी सांभाळून जन्मभर हायस्कुलात मास्तरकी केलेले. बारा पाकिटं, प्रत्येकावर वळणदार अक्षरात घरचा पत्ता. "तिकिटं तिकडची लावावी लागतात, एवढं कळतं मला," म्हणाले. मी पीएच.डी.साठी परदेशी निघाले होते आणि आईने माझा डोळा चुकवून बॅगेत पांढऱ्या कांद्यांची माळ कोंबली होती. माळ तिकडच्या कस्टमवाल्यांनी काढून घेतली. पाकिटं तेवढी राहिली.

वाडीतल्या आणि वाडीबाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय, कारण परवा चुलतभावाच्या मीनूने फोनवर विचारलं, "आत्या, तिकडे सगळं छान असतं ना?" तीही यंदा बाहेर शिकायला निघालीय. मी सवयीने "हो गो, मस्त" म्हणून टाकलं आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडले.

भाऊंचा एक नेम तुम्हाला ठाऊकच आहे. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं. "दारात आलेल्याला पाणी विचारतो ना, तसंच ते." विमा कंपनीच्या छापील पत्रालासुद्धा ते 'आपला आभारी आहे, तूर्त गरज नाही' असं कार्ड टाकायचे. पोस्टमन हसायचा. मी हसत नव्हते, कारण ती कार्डं पेटीत टाकायला मलाच पिटाळायचे.

इथे पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक वर्ग घेणं आणि त्यांचे पेपर तपासणं माझ्याकडे आलं. एके दिवशी निनावी ईमेल आली, मार्क देताना तू अन्याय केलास अशी. मी सविस्तर उत्तर दिलं. दुसरी आली, तुझ्यासारख्यांनी आपल्या देशात परत जावं अशी. त्यालाही उत्तर दिलं, 'आपल्या भावना समजू शकते' वगैरे. पुढे भाषा घाण होत गेली आणि मी स्वच्छ इंग्रजीत उत्तरं देत गेले. आता हसू येतं आणि तेव्हाच्या माझीच कीवही येते. मी किती मनापासून काम करते हे पटवायला एकदा तर लिहून बसले की बुधवारी सहापर्यंत पेपर तपासते आणि मगच बस पकडते.

पुढच्या गुरुवारी दोन ओळी आल्या. काल सहा दहाची बस, लाल कोट. एकटी असतेस.

तो कोट मी पुन्हा घातला नाही. बस सोडली, लांबच्या रस्त्याने चालत जायला लागले, दर वळणावर मागे बघत. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "आवाज का गो बसलाय?" मी थंडीवर ढकलायचे. परत ये म्हणतील ही भीती नव्हती. भीती वेगळीच होती. माझ्या बसची वेळ त्या माणसाच्या हाती दिली होती ती भाऊंच्या शिकवणीनेच, आणि हे भाऊंना कळायला नको होतं.

एका बुधवारी वर्गावर जायला खुर्चीतून उठवेना. तेव्हा कुठे विद्यापीठाच्या सुरक्षा कार्यालयात गेले. तिथली हेलन आईच्याच वयाची. तिने त्याच्या सगळ्या मेल वाचल्या, मग माझी नऊ उत्तरं वाचली. मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. ती एवढंच म्हणाली, "फार सभ्य आहेस तू," आणि चहा ठेवला. मग तिने नियम सांगितले. उत्तर द्यायचं नाही. डिलीट करायचं नाही. जशी येईल तशी मेल तिच्याकडे पाठवायची आणि एकटीने सोसायचं नाही. त्याच दिवशी माझी खोली बदलली. बसपर्यंत सोबतीला माणूस मिळाला.

यातलं सगळ्यात अवघड होतं ते उत्तर न देणं. मेल येत राहिल्या आणि मी गप्प. दाराशी कुणी उभं आहे आणि आपण आत कडी लावून बसलोय, अशी खरंच लाज वाटायची. महिन्याभरात माणूस सापडला. माझ्याच वर्गातला, नापास झालेला विद्यार्थी. त्याच्यावर कारवाई झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, पण मेलची घंटी वाजली की अजूनही आधी पाठवणाऱ्याचं नाव बघते.

सगळं निवळल्यावर एका रविवारी भाऊंना सांगून टाकलं, बसचंसुद्धा. "आईकडे देतो," म्हणाले. थोड्या वेळाने आई म्हणाली, "ते वाडीत जाऊन बसलेत." मी नको ते बोलून बसले असं वाटलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तसं त्यांचं पत्र दर महिन्याला यायचंच, आणि मी फोनवर 'पोचलं हं' म्हणून मोकळी व्हायचे. या पत्रात जेमतेम चार ओळी होत्या. 'पाणी विचारायचं ते ओटीवर येऊन बसणाऱ्याला. कुंपण तोडून शिरणाऱ्याला नाही. हे पुढचं वाक्य तुला सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे, तुझी नाही.' खाली, जिथे आजवर 'उत्तराची वाट पाहतो' असायचं, तिथे लिहिलं होतं, 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल.'

मी खूप रडले. मीनू, इथे सगळं छान नसतं. काही झालं तर आधी इथल्या माणसांना सांग आणि मग घरी सांग, अगदी त्याच दिवशी. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला उत्तर द्यावं लागतं ती जागा. आता वाटतं, आपण गप्प राहिलो तरी जिथलं दार आपल्यासाठी उघडंच असतं, ते घर.

त्या संध्याकाळी कपाटातून भाऊंचा गठ्ठा काढला. अनोळखी माणसाला मी नऊ उत्तरं दिली होती, आणि पाकिटं अजून बाराच्या बारा होती. त्यातलं पहिलं घेतलं आणि लिहायला बसले.