सोळा अक्षरांचा पासवर्ड
सरकीच्या पेंडीचा वास आला की मला बोरीतलं ते आडत दुकान आठवतं. मालकाच्या कॉम्प्युटरवर मेल उतरत नव्हते आणि गिरणीच्या ऑर्डरला त्याच दिवशी उत्तर जायचं होतं, म्हणून त्यांनी मला परभणीहून कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं. मेलच्या त्या प्रोग्राममध्ये नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेगळा सोळा अक्षरांचा काढावा लागतो, असं सांगून मी त्यांच्या मोबाईलवर आलेला कोड मागितला. “कोड मागणारे समदे चोरच असत्यात,” ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. तरी दिला. मेल उतरायला लागले, तसे मालक ओरडले, “हिला पासवर्ड कळलाय, ध्यान ठेवा!” मी तिथंच तो पासवर्ड रद्द केला. “घ्या शेठ, आता कुणालाच ठाऊक न्हाई.” मेल पुन्हा बंद पडले आणि ऑर्डरचं उत्तर राहिलंच. अजूनही त्यांचा फोन येतो. मी उचलत नाही.