क्रेनवाल्याचा लेख

कारखान्यानं निवृत्त कामगारांना एक खोली दिली होती. दोन बाकं, एक पंखा आणि भिंतीवर फळा. फळ्यावर दर महिन्याला कुणातरी कामगाराचा लेख टाचणीनं लागायचा. वर्षाअखेर त्यातला एक निवडायचा आणि लिहिणाऱ्यानं तो मेळाव्यात वाचायचा. नऊ वर्षं हा मान झिरोभाऊचा होता.

झिरोभाऊ लेथवरचा टर्नर. माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतला की आधी तो पूर्ण मिटवून रेघ शून्यावर जुळते का ते बघायचा, मगच कामाला लावायचा. दिवसातून चाळीस वेळा. त्यावरून हे नाव पडलं.

दहाव्या वर्षी फळ्यावर क्रेनवाल्याचा लेख लागला. हा माणूस छत्तीस वर्षं छताखालच्या केबिनमध्ये एकटा बसलेला. खाली आला तरी ‘हूं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलायचा नाही. आणि त्यानं लिहिलं काय, तर वरून माणसं कशी दिसतात. कुणाला टक्कल पडायला लागलं ते घरच्यांआधी त्याला कळायचं. साहेब येताना दिसला की कोण हातोडा उचलतो, तेही. वाचणारे हसत होते आणि हसता हसता गप्प होत होते. वेल्डरनं तर लेखाचा फोटो काढून नेला. झिरोभाऊच्या लेखाचा फोटो नऊ वर्षांत कुणी काढला नव्हता.

लेखात झिरोभाऊवरही एक ओळ होती. ‘एक टर्नर माप घेण्याआधी दर वेळी मान वाकवायचा, पाया पडल्यासारखी.’ जो तो ती त्याला वाचून दाखवत होता. झिरोभाऊच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे त्याचं नाही,” तो खोलीचा कारभार बघणाऱ्या सेक्रेटरीला म्हणाला. “मशीननं लिहिलंय, त्या एआयनं.”

सेक्रेटरीनं उभा जन्म स्टोअर सांभाळलेलं. चिठ्ठीशिवाय नटसुद्धा न देणारा. “मशीनचा लेख बाद, हा नियम केलाय यंदा. पण पुरावा आण. शनिवारपर्यंत.”

घरी पुतणी होती, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी. “मशीनचं लिखाण ओळखणारी साधनं असतात म्हणे,” झिरोभाऊ तिला म्हणाला. “फुकटातलं चांगलं बघ एखादं.”

“फुकट आणि वर चांगलं? काका, दुकानात असं मागितलंत तर हाकलून देतील.”

“बघ तरी.”

चार सापडली. झिरोभाऊनं खुर्ची ओढली. “आधी माझा लेख घाल. तो माझ्या हातचा आहे, हे मला माहीत आहे. मग मशीनकडून एक लिहून घे आणि तो घाल. दोन्ही बरोबर ओळखले तर साधन खरं.”

पहिल्यानं दोन्ही माणसाचे ठरवले. दुसऱ्यात झिरोभाऊचा लेख दोनदा घातला, तर एकदा बारा टक्के मशीन आलं आणि एकदा साठ. “परत मोजलं की बदलतं ते माप नव्हे,” झिरोभाऊ म्हणाला. “काढून टाक.” तिसऱ्यानं आपल्याला ही भाषा येत नाही असं सांगून टाकलं. “हा त्यातल्या त्यात प्रामाणिक,” पुतणी म्हणाली. चौथ्यानं मशीनचा लेख मशीनचा म्हटला. झिरोभाऊ पुढे सरकला. मग त्यानं झिरोभाऊचा लेखही चौऱ्याहत्तर टक्के मशीनचा म्हटला.

पुतणीला हसू आवरेना. “चाळीस वर्षं मशीनपाशी उभे राहिलात काका, वाण नाही पण गुण लागला.”

“क्रेनवाल्याचा घाल.”

“कशात? चारही बाद झाली की.”

“चौथ्यात घाल.”

अठ्ठ्याऐंशी टक्के.

“प्रिंट काढ.”

“काका, यानंच तुम्हाला चौऱ्याहत्तर दिलेत.”

“माझं सोड. त्याचं जास्त आहे.”

तिनं माउसवरचा हात काढला. “आणि तुम्ही मान वाकवता, ते मशीनला कुणी सांगितलं?”

“त्यानं सांगितलं असेल. बाकीचं मशीननं रचलं. काढ प्रिंट.”

शनिवारी सकाळी प्रिंटची चौघडी खिशात घालून तो निघाला. आधी क्रेनवाल्याच्या घरी गेला. कागद दाखवल्यावर त्याचं तोंड कसं होतं, ते त्याला बघायचं होतं.

क्रेनवाला राहायचाही सगळ्यात वरच्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोनं उघडलं. “या भाऊजी. आता तुम्हीच सांगा यांना. दोन महिने झाले, जेवायचं टेबल आमच्या वाट्याला आलेलं नाही.”

टेबलभर जुन्या कॅलेंडरची पानं पालथी पडली होती. पेन्सिलीनं गच्च भरलेली. त्यांच्यामागे क्रेनवाला बसला होता.

“किती वेळा लिहिलास?” झिरोभाऊनं विचारलं.

“चौदा.”

झिरोभाऊ तीनदा लिहायचा, आणि ते सगळ्यांना सांगायचा. तो खाली बसला आणि एकेक खर्डा बघू लागला. तपासणीला आलेला माल बघावा तसा, खोट शोधत. नवव्या खर्ड्यात त्या मान वाकवणाऱ्या टर्नरच्या पुढे खोडलेलं काही होतं. त्यानं कागद उजेडात धरला.

‘एकदा त्याच्या हातून मायक्रोमीटर पडला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. वर पाहिलं नाही.’

बावीस वर्षं झाली होती त्याला. पडलेला मायक्रोमीटर तपासायला द्यायचा असतो. झिरोभाऊनं तो पुसला आणि पाळी संपेपर्यंत त्याच्यावरच मापं घेतली. हे कुणालाच माहीत नाही, असं तो धरून चालला होता.

“हे का खोडलंस?”

“लोक वाचतील ना,” क्रेनवाला म्हणाला.

झिरोभाऊचे कान तापले. पण लाज नंतर आली. आधी मनात आलं ते हे, की तीन लहान वाक्यांत एवढं बसवणं आपल्याला नऊ वर्षांत एकदाही जमलं नाही. खिशातला हात त्यानं रिकामाच बाहेर काढला.

“लेखातली सगळ्यात चांगली ओळ तू खोडलीस,” तो म्हणाला. “मेळाव्यात वाचशील तेव्हा घाल ती.”

“नक्की?”

“नाव घालू नकोस. तसंही सगळे ओळखतील.”

“बरं,” क्रेनवाला म्हणाला.

झिरोभाऊ उठला. दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळला.

“पेन्सिल कुठली वापरतोस रे तू?”