जबाबदार व्यक्तीचा रकाना

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकात छापण्यासारखं लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मला अजूनही वाटतं. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या माघारी हे लिहावं की नाही, ते मला नीट ठरवता आलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी तिसगावजवळच्या एका वस्तीवरचा, शिकायला नगरला. दुसऱ्या वर्षी थंडीत आम्हा नऊ जणांचं अकोले तालुक्यातल्या एका गडावर मुक्कामाला जायचं ठरलं. गड अभयारण्यात येतो. रात्री राहायचं तर वनखात्याचा परवाना लागतो. अर्ज, सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, सोबत नेणार त्या प्लास्टिकच्या बाटल्यांची यादी, आणि गावातला ओळखपत्र असलेला वाटाड्या. हे काम माझ्यावर आलं. "तू खेड्यातला, तुला साहेबांशी बोलता येतं," असं मित्रांचं म्हणणं. खरं तर साहेबांसमोर माझ्या तोंडाला कोरड पडते. पण अक्षर बरं आहे, आणि मला नाही म्हणता येत नाही.

वाटाड्या म्हणून पायथ्याच्या गावातले एक साठीचे गृहस्थ मिळाले. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडे भाताचं एक खाचर होतं आणि ते ओळखपत्र. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते लोकांना गडावर नेत. ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात, शर्टाच्या आत ठेवलेलं. "ह्ये हाय म्हनून घरी हाय बाबा," ते मला म्हणाले. "न्हाई तं आळेफाट्याकडं जावं लागतं, लोकांचं कांदं काढाया. आता या वयात वाकवत न्हाई."

वनखात्याच्या चौकीत फॉर्म भरताना शेवटच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. 'गटातील जबाबदार व्यक्तीचे नाव व सही.' तिथे माझंच नाव यायला हवं होतं. पण वडिलांचं बोलणं आठवलं. त्यांनी एकदा भावकीच्या वाटणीत साक्षीदार म्हणून सही केली आणि पुढे कित्येक वर्षं पाथर्डीला तारखांना जात राहिले. मी नगरला निघालो तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "कुटंबी जा, पन कागदावर सही करू नको. सही करनारा सापडतो, बाकीचे पळून जात्यात."

"मामा, इथं तुमचं नाव टाकू का?" मी विचारलं. "गडावर तुम्हीच मोठे."

ते हसले. "टाक की. गडावर समदी माजीच पोरं."

लिहिता येत नसलं तरी सही त्यांना येत होती. फॉर्म गुडघ्यावर घेऊन त्यांनी ती सावकाश काढली. मी त्यांना मान दिला, असं मी स्वतःला समजावलं. शिक्का बसला.

वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा बोचत होता. मामांनी आधीच सांगून ठेवलं, "पोरांनो, जाळ न्हाई करायचा. गवत वाळलंय. थंडी वाजली तं माजी घोंगडी घ्या." मग ते कळशी घेऊन खालच्या टाक्यावर पाण्याला गेले.

"नऊ जणांत एक घोंगडी. कान झाकायचे का पाय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू," एक मित्र म्हणाला. सगळे हसले. मग तोच म्हणाला, "थोडीशीच पेटवू. मामा यायच्या आत विझवू." कारवीच्या वाळक्या काड्या गोळा झाल्या. काडीपेटी माझ्या पिशवीत होती. मागितली, मी दिली.

वाऱ्याने ठिणगी गवतात गेली. मामा धावत आले, कळशी ओतली, घोंगडीने झोडपून झोडपून आग विझवली. दोन बाजांएवढी जागा काळी झाली होती. घोंगडीला भोकं पडली होती. धाप लागलेली असतानाच ते म्हणाले, "मला वाचता येत न्हाई, तरी जाळ करू न्हाई ह्ये मला ठावं. तुमाला वाचता येतं ना रं?"

धूर खालून दिसला असणार. सकाळी वनरक्षक वर आले. जळलेली जागा पाहिली, परवाना मागितला. तो मीच खिशातून काढून दिला. त्यांनी खालचा रकाना वाचला आणि मामांकडे पाहिलं. "मामा, तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मामांनी मान खाली घातली. आमच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. गळ्यातली पिशवी काढून त्यांनी ओळखपत्र दिलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. 'काडीपेटी माझी', बोलायला एवढं एकच वाक्य होतं, आणि ते मला आलं नाही.

तीन आठवडे गेले. चौकशी होईपर्यंत ओळखपत्र परत मिळणार नाही, असं त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं. तेव्हा मी अर्ज लिहिला. काडीपेटी माझी, रकान्यात त्यांचं नाव घालणारा मी, मामांनी मनाई केली होती, सगळं लिहिलं. त्या कागदावर मात्र सही केली. एसटीने कोल्हार, संगमनेर करत अकोल्याला वनखात्याच्या कचेरीत गेलो आणि अर्ज हातात देऊन पोच घेतली. हॉस्टेल पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल, म्हणून पत्ता घरचा दिला होता.

उन्हाळा लागला तरी उत्तर नव्हतं. एका दुपारी वडिलांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "तुज्या नावचं सरकारी पाकीट आलंय. कशावर सही केली तू?"

"फोडा आणि वाचा," मी म्हणालो.

वडील चौथी शिकलेले. एकेक शब्द जुळवत त्यांनी वाचलं: परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून आपले नाव नाही, सबब आपला खुलासा विचारात घेता येत नाही.

मग त्यांचा आवाज मोकळा झाला. "म्हंजे तुजं नाव कुटंच न्हाई ना? मंग बरं झालं. म्या सांगितलेलं ध्यानात ठिवलं म्हनायचं."

"आणखी काही लिहिलंय का?" मी विचारलं.

"खाली आनिक एक वळ हाय," ते म्हणाले. "संबंधित वाटाड्याचं ओळखपत्र कायमचं रद्द केलंय, आसं लिव्हलंय. कोन रं ह्यो? तुज्या वळखीचा हाय का?"