आबांवर अविश्वास

चार बायका एका पंचायतीत मेंबर म्हणून बसल्या की किस्से शोधावे लागत नाहीत. एकीनं तोंड उघडलं की दुसरी म्हणती, "अगं, ते एसटीतलं सांग की!" आज आम्ही हे हसत सांगतो. तेव्हा दारासमोर मोटारसायकल नुसती हळू झाली तरी तोंडचं पाणी पळायचं. मी चौथी शिकलेली बाई. गोडगोड लिहिता येत नाय, झालं तसं सांगते.

* * *

आमच्या घरातलं पहिलं मत सासूबाईंचं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी गावात मतदान आलं. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्याआड जायचं आणि मनातल्या पेटीत कागद टाकायचा.

सासूबाई आत गेल्या, बाहेर आल्या. दारात गावचे पाटील उभे.

"कुणाच्या पेटीत टाकलं गं?"

सासूबाईंनी पदराची गाठ सोडून कागद पुढं केला. "कुणाच्याच नाय, मालक. हे बघा, जसाच्या तसा माघारी आणलाय!"

पाटील खूश! म्हणाले, "शहाणी हायेस."

मी नवी नवरी असताना हे ऐकलं आणि भडकले. म्हणलं, "आत्याबाई, निजाम गेला होता ना? मग इतकं काय भ्यायचं?"

त्या म्हणाल्या, "निजाम गेल्याचं लोक सांगत होते. पाटील तर समोर दारातच होता!"

* * *

त्या पाटलांचे नातू म्हणजे आमचे सरपंच, आबा. बायकांना जागा राखीव झाल्या तेव्हा गावातल्या बायका आबांनी स्वतः निवडल्या. बैल बघावेत तशा, फक्त चालणाऱ्या नाय, न बोलणाऱ्या.

आमच्याकडं आले तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मला सोडून माझ्या नवऱ्याला विचारलं, "बाई बोलती का?"

त्याच सकाळी मी नवऱ्याला असं झापलं होतं की गल्ली गोळा झाली होती. पण आबांपुढं त्याची मान खाली. म्हणाला, "नाय आबा. मुकीच म्हणा."

"मग करा उभी!"

चंद्रकलाला घेतलं ती मजुरीला जाणारी, भित्री म्हणून. मुमताज भाबीला घेतलं "तिला मराठी कळत नाय" म्हणून. (सगळं कळतं. बोलती दखनीत, एवढंच.) सुलभावहिनी शिकलेल्या, पण त्यांच्या भावकीतलं गावात एकच घर उरलेलं. आबा म्हणाले, "त्या कशाला वाकड्यात शिरतील?" आणि एक जागा आबांच्या बायकोला, माईंना. माई सभेत आबांच्या मागं बसायच्या. आबा उठले की उठायच्या. त्यांचा आवाज कसा आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

* * *

सभेची रीत अशी. ग्रामसेवक ठराव भराभरा वाचायचे, आबा मागं न बघता म्हणायचे "मंजूर?" आणि आम्ही हात वर करायचो. काय वाचलं ते कुणी विचारायचं नाय. एकदा भाबीनं माशी हाकलायला हात उचलला, तोपण धरला!

एका सभेत असाच एक ठराव वाचला. गट नंबर, हेक्टर, आर, कंपनी, विकास. "मंजूर?" सगळ्यांचे हात वर. चंद्रकलाचा सगळ्यात आधी, कारण ती सगळ्यात जास्त भ्यायची.

बाहेर आल्यावर चंद्रकला चप्पल घालता घालता म्हणाली, "वहिनी, आज काय मंजूर केलं वो आपण?"

सुलभावहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, "चंद्रकला, गायरान कंपनीला द्यायचं मंजूर केलं. तुझं घर गायरानात आहे."

चंद्रकला मटकन खाली बसली. "मी माझ्याच घरावर हात वर केला व्हय?"

मी वहिनींवर ओरडले, "तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाय?"

वहिनी म्हणाल्या, "जीभ हलली नाही गं. खरंच हलली नाही."

ठरावावर ग्रामसभेचा शिक्का बाकी होता. ग्रामसभेत खुर्चीवर आबाच बसणार. म्हणजे घर वाचवायचं तर आधी आबांना खुर्चीवरून उठवायचं. अविश्वास! हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा भाबीनं उठून दाराला कडी घातली.

* * *

अविश्वासाचा अर्ज पैठणला तहसीलमध्ये द्यायचा. ठरलं असं की एसटीत वेगवेगळं बसायचं, एकमेकींना ओळख द्यायची नाय. बसलोपण. तेवढ्यात आबांचा पुतण्या गाडीत चढला. तोही मेंबरच!

"आँ? सगळ्या मेंबरबाया एकाच गाडीत? निघाल्या कुठं?"

आम्ही एकदमच बोललो. मी म्हणाले, "दवाखान्यात." वहिनी म्हणाल्या, "लग्नाला." भाबी म्हणाली, "मायके." आणि चंद्रकला घाबरून म्हणाली, "यांच्याबरोबर!"

अर्ज देऊन परत आलो तर फाट्यावर आबा उभे. आवाज चढवला नाय, शिवी दिली नाय. हसून विचारलं, "दवाखाना झाला? लग्न लागलं? माहेरचे बरे हायेत?" मग चंद्रकलाकडं बघितलं. "आन् तू गं? तुझं घर हाय का अजून जागेवर?"

चंद्रकला धावत सुटली. घर होतं. शेळ्या नव्हत्या.

* * *

शेळ्या कुणी नेल्या ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, सांगायला कुणी नव्हतं. माझ्या नळाचं पाणी बंद झालं. वहिनींच्या पोराचा शहरातून फोन, "आई, तू यात पडू नको." माझा नवरा वाळूजच्या कंपनीतून आला आणि म्हणाला, "राजीनामा दे. मी पाया पडतो."

मी म्हणलं, "पडायचंच असेल तर आबांच्या पड. त्यांना सांग, मुकी बोलाया लागली!"

बोलले खरी. पण त्यानंतर परसात एकटी गेले नाय, नणंदेला बरोबर न्यायची.

हिशोब साधा होता. मेंबर नऊ, आबांना उतरवायला मतं लागत होती सहा. आम्ही चौघी. पाचवा दूधवाला विष्णू. सहावा रामराव, त्यानं देवळात देवावर हात ठेवून शब्द दिला होता. पलीकडं आबा, माई आणि पुतण्या.

मग रामराव सहलीला गेला. आमच्याकडं अविश्वास आला की मेंबरं सहलीला जातात. कुठं जातात ते बायकोलापण माहीत नसतं. मतदानाच्या दिवशी रामराव आबांच्याच जीपमधून उतरला. नवा सफारी, डोळ्याला काळा चष्मा.

विष्णू म्हणाला, "रामराव, देव बघितले का सहलीत?"

रामराव चष्मा न काढता म्हणाला, "बघितले. आपल्या गावातलेच मोठे निघाले!"

आमचे उरले पाच.

* * *

पंचायतीत तहसीलदार बसले. पोरांची गर्दी खिडक्यांना लटकलेली, तीपण आबांचीच. चंद्रकलानं माझा हात धरला होता, तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती.

तहसीलदार म्हणाले, "हात वर करून मत घेतो. कुणाला गुप्त मतदान हवं असेल तर आत्ताच सांगा."

गुप्त मागायचं काम वहिनींकडं होतं. आबांनी वहिनींकडं नुसतं बघितलं. वहिनींचे ओठ हलले, आवाज नाय. मी उठायला गेले तर चंद्रकलानं पदर ओढला.

तेवढ्यात आबांच्या मागून आवाज आला. "सायेब, गुप्त घ्या."

माई!

आबा वळले, मग मोठ्यानं हसले. "बघा! आमच्या मंडळीला राजकारण कळाया लागलं. घ्या सायेब, गुप्तच घ्या. यांच्यातलीच एखादी फुटंल!"

चिठ्ठ्या टाकल्या. तहसीलदारांनी एकेक उघडली, परत मोजल्या. म्हणाले, "अविश्वासाच्या बाजूनं सहा. ठराव मंजूर."

आबांनी रामरावकडं बघितलं. रामरावनं चष्मा काढला, हात जोडले. "आबा, लेकराची आण! म्या नाय!" आबांनी पुतण्याकडं बघितलं. पुतण्या नुसती मान हलवत राहिला. मागं मात्र आबांनी बघितलंच नाय.

मग ते उठले. माई उठल्या. रोजच्यासारखे आबा पुढं, माई मागं, पायरी उतरून घराकडं निघाले.

विष्णूनं गुलाल काढला. चंद्रकला पायरीवर बसून रडत होती, "घर राहिलं, बाई! घर राहिलं!" मी तिला उठवायला वाकले, तर भाबी गुलालाकडं बघतच नव्हती. ती माईंच्या पाठीकडं बघत होती. तिनं चपला पायात सरकवल्या.

"चलो."

कुणी कुठं म्हणून विचारलं नाय. वहिनी निघाल्या, मी निघाले, चंद्रकला डोळे पुसत मागं.

घराच्या फाटकात आबांना पावलं ऐकू आली. ते वळले. माई मधे उभ्या, खाली मान घालून.

"तुम्ही कुठं?"

भाबी पुढं झाली आणि ओट्यावर मांडी ठोकून बसली.

"चाय पीने आए, आबा. माई के हात की. और हमारी चाय जल्दी खतम होती नै!"