आतली शक्ती आणि एका श्वासातला आकडा

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसराही नाही. पनवेलच्या रुग्णालयातल्या त्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी आधी माझी बायको नसरीन हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "गियाँ-बारे सिंड्रोम वाटतोय. आत्ताच दाखल व्हा."

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. लुळेपणा पायांपासून वर चढत जातो. छातीपर्यंत पोहोचला तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागतो.

मी खालापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि सकाळी कर्जतला कुंग फू, ताई ची शिकवतो. तरुणपणी मुंबईत ज्यांच्याकडे शिकलो, त्यांनीच मला झेन पद्धतीनं भिंतीकडे तोंड करून नुसतं बसायला शिकवलं. गुडघे किंचित वाकवून झाडासारखं उभं राहायचं, श्वास ओटीपोटात उतरू द्यायचा. आतली शक्ती, जिला चिनी लोक 'ची' म्हणतात, ती जागी झाली की तळहात-तळपायांना मुंग्या येतात, असं मी वर्गात सांगत आलो होतो.

त्यामुळे पोट बिघडून बरं झाल्यावर तळपायांना मुंग्या आल्या, तेव्हा मी खूश झालो. नसरीन दवाखान्यात चला म्हणत होती. मी तिला सांगितलं, इतक्या वर्षांचा सराव आता फळाला येतोय. दुसऱ्या दिवशी मला स्टेशनच्या पुलाची पायरी चढवेना. मग तिनं मला विचारलं नाही, सरळ गाडी बोलावली.

आयसीयूत इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देतात. शिवाय सिस्टर अधूनमधून यायच्या आणि एका श्वासात जमतील तितके आकडे मोठ्यानं म्हणायला लावायच्या. मला ती परीक्षाच वाटली. पोटापासून श्वास भरायचो, चेहरा लाल होईपर्यंत ताणायचो. आकडा चांगला यायचा.

एकदा डॉक्टरबाई स्वतः बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "सलीमभाई, मला तुमची ताकद नकोय. खरा आकडा हवाय. व्हेंटिलेटरचं त्यावर ठरणार आहे."

पुढच्या वेळी मी सरळ मोजलं. आकडा फारच लहान होता. आधी लाज वाटली, मग भीती. नसरीन बाजूला बसली होती, तिनं माझा हात धरला, पण मला तो नीट जाणवलाही नाही.

त्या दुपारी मी पाठीवर झेनमध्ये बसतो तसा नुसता पडून राहिलो. शक्ती गोळा करायला काही उरलंच नव्हतं. श्वास येत होता तेवढा येत होता. भीतीही तिथेच होती, तिला घालवली नाही. आकडा आणखी थोडा उतरला, मग थांबला आणि एके दिवशी वाढला. मी औषधानं वाचलो, हे स्पष्ट सांगतो. सरावानं फक्त माझं शरीराशी भांडणं थांबवलं, आणि तेव्हा तेही खूप होतं.

घरी आलो तो वॉकर घेऊन. वर्गाची खोली सोडून द्यायची असं ठरवलं. माझी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी संगीता पोशीरहून भेटायला आली होती, तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "वर्ग बंद नाय करायचा, सर. तुमी खुर्चीत बसून सांगा, आमी करतो."

तसं सुरू केलं. करून दाखवता येईना, म्हणून बघायला लागलो. निम्मी माणसं श्वास रोखून उभी असायची. इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

हात-पायांना अचानक मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत असेल, तर कृपया वाट पाहू नका. आधी रुग्णालय गाठा. आणि बरं व्हायला महिने लागले तर स्वतःवर चिडू नका, नसा आपल्या गतीनंच भरून येतात.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा संगीतासमोर उभा राहिलो. ताई चीमध्ये मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल जोखायचा सराव असतो. पूर्वी मला कोणी मनापासून ढकलायचं नाही. मी तिला म्हटलं, खरं ढकल. तिनं ढकललं आणि मी गादीवर जाऊन बसलो. ती घाबरून पुढे आली. दारात उभ्या असलेल्या नसरीननं तिला हातानंच थांबवलं.

मी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठलो आणि मनगट पुन्हा पुढे केलं.